मिठाची किल्ली

तीन-तीन गोळ्या घेऊनही हेडमास्तरांचं बीपी उतरेना. "तूच चोरून मीठ घालतेस!" असं बायकोला सुनावत त्यांनी मिठाची बरणी कपाटात कुलूपबंद केली. तेव्हापासून सहा वर्षं मास्तरीणबाई त्यांच्यासोबत अळणी जेवल्या, वर रोजची बोलणीही खाल्ली.

नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घोरतात का?"

"घोरतात, मध्येच श्वासही अडकतो. पण माझं ऐकतंय कोण! मलाच मीठचोर ठरवलंय!" मास्तरीणबाई फणकारल्या.

मग रक्त तपासलं. "मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून एक हार्मोन जास्त पाझरतंय. तेच मीठ धरून ठेवतं आणि बीपी चढवतं. असं घोरणाऱ्यांत हे आढळतं," डॉक्टर म्हणाल्या. "मीठचोर यांच्या अंगातच आहे."



 

मास्तरीणबाईंनी तिथेच हात पुढे केला, "किल्ली द्या."