पोटदुखी

‘पोटदुखीस कंटाळून विवाहितेने विहिरीत जीव दिला.’ साप्ताहिकातल्या त्या ओळीवर बोट ठेवून रंगनाथ शिंपी संपादकांसमोर उभे होते.

“माझ्या इंदूचं पोट कधी दुखलं नाही, साहेब. दिवाळीला तिला आणायला गेलो होतो, तर सासरच्यांनी पाठवली नाही. निघताना तिनं दंडावरचे चटके दाखवले. ‘आईला सांगू नका,’ म्हणाली.”

संपादकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. “घरचे पोलिसांना जे सांगतात, तेच आमच्याकडे येतं. विहिरीतून सून काढली की आम्ही हाच शब्द छापतो. ज्याला कळायचं त्याला कळतं.”

“मग सरळच छापा की, छळ म्हणून.”

“पुरावा आहे काही?”

दंडावरचे चटके इंदूबरोबरच चितेवर गेले होते. रंगनाथ उठून घरी आले.

इंदूच्या आईला, गोदावरीला, वाचता येत नव्हतं. शेजारणीने तिला बातमी वाचून दाखवली होती. नवऱ्याला पाहताच तिला हुंदका फुटला.

“अहो, एवढं पोट दुखत होतं, तर मला का नाही कळवलं पोरीनं? ओव्याचा अर्क घेऊन पायी गेले असते मी. आईला कसली लाज?”

खरं सांगायचं म्हणून रंगनाथांनी तोंड उघडलं. तिच्याकडे पाहून त्यांचा धीर खचला.

“भिडस्तच होती गं ती,” ते म्हणाले आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले.