साधं पाणी

पक्षाघातानंतर सासऱ्यांना पाणीसुद्धा पावडर घालून, मधासारखं दाट करूनच द्यावं लागे.

"माझ्या दादाला घोटभर साधं पाणी मिळत नाही?" भेटायला आलेली त्यांची बहीण सुनेवर कडाडली.

"आत्या, पातळ पाणी सरकन श्वासनळीत जाईल. दाट द्रव हळू सरकतो, घशाला सावरायला वेळ मिळतो." सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या सुनेने समजावलं.

बेल वाजली म्हणून ती दाराकडे गेली, आणि आत्याने भावाच्या ओठांना पेला लावलाच.

जोराचा ठसका लागला. चेहरा काळानिळा पडला. सून धावत आली, त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापा मारत राहिली. अखेर श्वास परत आला. आत्या हुंदके देत होती.

 

सासऱ्यांनी चाचपडत बहिणीचा हात धरला. "काय गोड होतं गं!"