दहावा कागद

"आधी अम्मचीचा व्हिसा रद्द होणार, मग तुमचा," मोईदू म्हणाला. "आधी अवलंबित, मग पोशिंदा. उलटं चालत नाही."

रोयचनने घड्याळ पाहिलं. बारा दिवसांनी त्याला बायकोमुलांसह कॅनडात उतरायचं होतं. शारजातला एकोणीस वर्षांचा संसार आवरायचा होता. फ्रिज विकला होता, सोफा मेहुण्याला दिला होता. आता अम्मची राहिली होती, त्याची आई.

मोईदूचं टायपिंगचं दुकान म्हणजे एक खोली आणि दोन प्रिंटर. व्हिसा काढायला, वाढवायला, रद्द करायला सगळे त्याच्याकडेच येतात. केरळातल्या आमच्या निम्म्या रान्नी गावाचं बूड इथं त्याच्या कागदांवर टिकून आहे.

एलियाम्मा खुर्चीवर बसली होती. वय सत्त्याहत्तर. चेहरा मात्र सहलीला निघाल्यासारखा. नऊ वर्षांपूर्वी रोयचनला जुळं झालं, तेव्हा तो तिला घेऊन आला होता. जुळी तिच्या अंगाखांद्यावर वाढली, शाळेत जायला लागली, आपलं ताट आपण वाढून घ्यायला लागली. गरज सरो, वैद्य मरो. पण एलियाम्माला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण ती घरी चालली होती. आम्हा केरळी ख्रिश्चनांत घर धाकट्याचं, आणि आईबापही धाकट्याचेच. सिबी तिचा धाकटा. त्याच्यासाठी खजुराचं खोकं दोरीने बांधून तयार होतं. त्यावर जाड पेनाने तिने स्वतःच्या हाताने नाव घातलं होतं.

"मोईदू, सही कुठं करायची ते सांग. दरवर्षीसारखी."

"या वेळी तुमची सही नको, अम्मची. ती व्हिसा वाढवताना."

"म्हणजे ठेवायला सही लागते, घालवायला नाही लागत? बरं आहे तुमचं!" ती हसली. मोईदूही हसला. रोयचन हसला नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सिबी. रोयचन फोन खिशात टाकायला निघाला, पण म्हातारीचे डोळे अजून शाबूत होते. "माझा सिबी ना? लाव, मोठ्याने लाव. मलाही ऐकू दे."

लावावा लागला.

"सिब्या, मी गुरुवारी पोचतेय. विमानतळावर गाडी घेऊन ये, खोकं जड आहे."

थोरल्या भावाला सिबी इच्चायनच म्हणतो.

"अम्मची, इच्चायनने तुला सांगितलं नाही? मी महिन्यापूर्वीच त्याला नाही म्हणालोय."

"कशाला नाही?"

"तुला ठेवून घ्यायला."

"वेडा झालास काय? घर तुझं. मी तुझी."

"ते इच्चायनला विचार. तुझ्या व्हिसासाठी दरवर्षी तो माझ्याकडून लिहून घेतो, की आईला सांभाळायला मी असमर्थ आहे. पहिल्या वर्षी वकिलापुढे रडत सही केली. गावभर झालं. चर्चमध्ये लोक माझ्या बाकावर बसेनात. नऊ वेळा तेच लिहून दिलं की माणसाला स्वतःलाच पटतं, अम्मची. माझ्या बायकोला तर पहिल्याच वेळी पटलं होतं."

फोन बंद झाला.

एलियाम्मा रोयचनकडे वळलीच नाही. तिने मोईदूला विचारलं, "आणि मी सही करायचे, त्या कागदात काय असायचं?"

मोईदू प्रिंटरमधले कागद सारखे करायला लागला. "नियमच आहे, अम्मची. आईबापांना इथं ठेवायचं तर गावी त्यांचं कुणी नाही, असं लिहावं लागतं. सगळेच लिहितात."

"वाच."

"आता कशाला..."

"मी सही केलीय ना त्याच्यावर? मग वाच."

मोईदूने मागच्या वर्षीचा कागद संगणकावर काढला आणि इंग्रजीतलं तिला कळेल असं करून सांगितलं. "मी एलियाम्मा, विधवा. माझा मुलगा रोयचन याच्याशिवाय मला सांभाळणारं या जगात कुणीही नाही."

एलियाम्माने नऊ वर्षं मोजली. नऊ वेळा याच खुर्चीवर बसून तिने सिबीला नाकारलं होतं. आणि नऊही वेळा बाहेर पडल्यावर रोयचनने तिला कोपऱ्यावरच्या दुकानात लिंबाचं सरबत पाजलं होतं. तिला ते सरबत फार आवडायचं.

"अम्मची, असं बघू नकोस," रोयचन घाईने म्हणाला. "मी सगळी सोय केलीय. तिरुवल्लाजवळ सिस्टर लोकांचा आश्रम आहे. स्वच्छ, हवेशीर. रोज प्रार्थना असते, मासेसुद्धा देतात. फोनवर बोलणं झालंय माझं. तुला न्यायला गाडी येईल."

"आश्रमात कोण असतं?"

"तुझ्याच वयाच्या बायका."

"कुणाच्या?"

रोयचन मोईदूकडे वळला. "ते लोक फक्त निराधारांनाच घेतात. तसा एक कागद लागेल. आत्ताच करून टाक, म्हणजे हिची सहीही होऊन जाईल. पुन्हा हेलपाटा नको."

मोईदूने नवं पान उघडलं. बोटं कळांवर ठेवली आणि तशीच राहू दिली. "काय लिहू?"

रोयचनने तोंड उघडलं, घसा खाकरला, पुन्हा घड्याळ पाहिलं. इतकी वर्षं घडाघडा सांगितलेलं वाक्य आज त्याला आईसमोर सांगता येईना.

एलियाम्माने पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. खुर्ची पुढे ओढली. रोयचनच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"नवा कशाला करतोस, मोईदू?" ती म्हणाली. "जुनाच चालेल. फक्त त्यातलं याचं नाव काढ."