वाटेतच आहे

संध्याकाळ झाली तरी सकाळी निघालेल्या ऋजुताचा फोन आला नाही, म्हणून मंदाकिनीबाईंनी केर काढला नव्हता. घरचं माणूस मुक्कामी पोहोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा त्यांचा नेम नैरोबीत येऊनही सुटला नव्हता.

पूर्वी लेक नामिबियात विंडहुकला आपल्या घरी निघाली की जोहान्सबर्गला विमान बदलण्यात अख्खा दिवस जाई. तेवढा वेळ तिने सांडलेला चिवडा घरभर राही. नव्या विमानाला मात्र चारच मिनिटं लागत. तिला सोडून बाई गाडीपाशी येतात न येतात तोच "पोहोचले गं" म्हणून फोन येई, आणि घरी आल्याआल्या झाडू हातात घ्यावा लागे.

शेवटी झाडू हातात घेऊन त्यांनीच फोन लावला. "ऋजू, पोहोचलीस ना?"

"नाही अजून. वाटेतच आहे."

"चार मिनिटांच्या वाटेला दिवसभर?"

"मागच्या खेपेला केर भरताना रडलीस म्हणे. बाबांनी सांगितलं. मी उद्या पोहोचते, आई."

तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली. मंदाकिनीबाईंनी ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि झाडू पुन्हा दारामागे ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या, "सावकाश जा हो."