तीस घरांचा शब्द

ऋषिकेशने चौथीच्या वर्गातल्या भिंतीवरची चिठ्ठी उपटली आणि बाईंच्या टेबलावर आपटली.

"मॅडम, पोरायले शिकवता का लोकायची घरं फोडता?"

गोपिकाबाईंनी चिठ्ठी सरळ केली. त्याच्या भाचीच्या, हिमानीच्या अक्षरात त्यावर एकच शब्द होता. हक्कसोडपत्र.

बाईंनी सांगितलं की हा शनिवारचा खेळ आहे. घरात छापलेलं काहीही वाचायचं, औषधाचं खोकं, विजेचं बिल, लग्नपत्रिका, आणि दुसऱ्या कुणाकडे नसेल असा एक शब्द आणायचा. अर्थ वर्गात कुणालाच सांगता आला नाही, तर तो सगळ्यांनी वहीत उतरवून घरी विचारायचा. हिमानीचा शब्द असा तीस घरांत गेला होता.

ते ऋषिकेशला कळून चुकलं होतं. आज सकाळी कुहीहून तो हिंगण्याला बहिणीकडे आला, तेव्हा गल्लीतच एका पोराने त्याला त्या शब्दाचा अर्थ विचारला. पुढच्या ओट्यावरच्या म्हातारीने तर न विचारताच सांगितला. बहिणीनं बापाच्या जमिनीतला हिस्सा भावाला सोडून द्यायचा कागद. वर म्हणाली, "तुमच्या वंदनाची झाली का गा सही?"

सही आज दुपारी व्हायची होती. आठ दिवसांपूर्वी त्याने साडी आणि कागद एकाच पिशवीत आणून दिले होते. बाबा गेले, आता सगळ्या वारसांची नावं चढवायची आहेत, एवढंच वंदनाला सांगितलं होतं. धानाची चार एकर जमीन होती. त्यांच्या घराण्यात भावाने दिलेला कागद बहीण वाचत नसे. आत्यांनी वाचला नव्हता. आईनेही तिच्या भावाचा वाचला नव्हता. वाचला की भावावर भरवसा नाही असा अर्थ होई, आणि माहेर तुटे.

वंदना त्याच्या मागोमाग शाळेत आली होती. दाराशी उभी होती. तिच्याकडे न बघता तो बाईंवर तुटून पडला. संस्थेकडे तक्रार करतो म्हणाला. भाचीचं नाव या शाळेतून काढायला लावतो म्हणाला.

"शब्द कागदावर होता," बाई म्हणाल्या. "आम्ही छापला नाही."

मग तो हिमानीच्या बाकाकडे वळला. त्याने तिचा दंड धरून तिला उभं केलं. चोरून पिशव्या उघडते का, मोठ्यांच्या कागदांना हात लावते का, असं सगळ्या वर्गासमोर विचारलं. तो शब्द मी मनानं बनवला, असं आत्ताच्या आत्ता सांग म्हणाला. हिमानीने एकदाच दाराकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"बोल वं," तो ओरडला. "काहून उघडली पिशवी?"

"हात सोड तिचा, दादा," वंदना म्हणाली. "पिशवी मी उघडली. शब्द मीच दिला तिले. एकटीनं तुले विचारायची हिंमत नव्हती माही."