लोखंडाचा कीस

उपेंद्रराव नव्या हिरवळीवर गुडघे टेकून बसले होते आणि दोन्ही तळहातांनी गवत चाचपत होते. गवतावर दव चमकत होतं. एक पट्टा संपला की ते थोडे पुढे सरकत आणि पुन्हा चाचपू लागत. तयार गवताच्या दोन गुंडाळ्या जिथे एकमेकींना जोडल्या होत्या, तिथे बोटं आत घालून तांबड्या मातीपर्यंत बघत.

"काय हुडकालाय अण्णा?" कंपाउंडच्या पलीकडून मारुतीराव ओरडले. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत कामावर निघण्याआधी ते मोटरसायकल पुसत होते. "चष्मा तर नाकावरच हाय की!"

उपेंद्रराव उठून कंपाउंडपाशी गेले. त्यांनी हळूच विचारलं, "मारुतीराव, हे गवत ज्या टेंपोतून आलं, तो तुमच्याच भागातला ना?"

"व्हय की. रोज कारखान्यातला लोखंडाचा कीस भरून न्हेतोय त्यो. का वो?"

"काही नाही. सहज."

"गवत भरायच्या आधी झाडलं असंल की तेनं," म्हणत मारुतीरावांनी किक मारली.

झाडलं असेल. पण शेवटची गुंडाळी ओढून काढली, तेव्हा टेंपोत खाली काहीतरी चकाकलं होतं. बारीक, स्प्रिंगसारखं कुरळं. उपेंद्रराव पुढे होऊन बघणार, तोवर टेंपोचा फाळका बंद झाला होता. तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ नळी धरून पाणी घालत आणि पाण्याखाली काही चमकतंय का ते बघत. पाण्याखाली सगळंच चमकत होतं. मुळं धरेपर्यंत हिरवळीवर पाय द्यायचा नाही, असं माळी सांगून गेला होता. काल त्यांनी एक कोपरा धरून ओढून पाहिला. तो वर आला असता तर बरं झालं असतं, बायकोला अजून थांबवता आलं असतं. पण गवताने माती घट्ट धरली होती.

दार वाजलं. सरोजिनी पायरीवर येऊन उभी राहिली.

"झाली का गवताची पूजा? व्हा आता बाजूला."

"आज नको, सरोजिनी."

"का?"

"त्या टेंपोत काहीतरी होतं. मला चमकलेलं दिसलं."

"दिसलं, की वाटलं?"

'दिसलं' म्हणायला उपेंद्ररावांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांची त्यांनाच खात्री वाटेनाशी झाली.

सरोजिनीच्या पायांना काही कळत नसे. साखरेच्या आजाराने तळव्यांतली संवेदना गेली होती. गेल्या वर्षी चपलेतून वर आलेला खिळा घेऊन ती दिवसभर घरात वावरली होती, आणि फरशीवरचे डाग बघून दोघांना ते समजलं होतं. डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. पुन्हा जखम झाली तर पाय वाचेलच असं नाही, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अहो, देवापुढंसुद्धा चप्पल घालून उभी राहते मी," ती म्हणाली. "एवढ्या गवतावर तरी चालू दे की मला."

तिने चपला काढल्या आणि पायरीवर नीट जोडून ठेवल्या.

ती चालू लागली. उपेंद्रराव शेजारून वाकून चालत होते. तिचा पाय पडायचा, गवत दबायचं. पाय उचलला की गवत सावकाश उभं राहायचं. त्या उभ्या राहणाऱ्या गवताचा रंग ते बघत होते. हिरवा. पुन्हा हिरवा.

मध्यावर ती थांबली.

"गार लागतंय."

"खरंच? कुठं?"

"डाव्या करंगळीला." ती हसली. "जी नाही, तिलाच तेवढं कळतंय बघा."

उपेंद्ररावांना हसू आलं नाही. "पुरे आता," ते म्हणाले आणि तिला दंडाला धरून परत घेऊन आले.

तिला खुर्चीत बसवून ते पायरीवर बसले. रोज रात्री घेत तसा त्यांनी तिचा उजवा पाय मांडीवर घेतला.

"टोचलं काही?" हे ते रोज विचारत.

"नाही." हे ती रोज सांगे.

त्यांनी पंच्याने पाय पुसला, बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या. सगळं ठीक होतं. पंच्यावर तांबूस डाग उमटला होता. माती असेल.

"दुसरा दाखव."

दुसरा पाय पुसला. हा डाग मातीचा नव्हता.

त्यांनी पाय उजेडाकडे वळवला. टाच पाहिली, तळव्याचा खळगा पाहिला, करंगळीच्या जागची शिवण पाहिली. काही नव्हतं. पंच्याची कोरडी बाजू घेऊन पुन्हा पुसलं. पुन्हा लाल.

"काय झालं?"

"रक्त आहे. कुठून येतंय ते सापडत नाही गं." त्यांनी पाय घट्ट धरला. "पाय हलवू नकोस. अजिबात हलवू नकोस."

सरोजिनी वाकली. तिने पंचा पाहिला, मग स्वतःचा पाय. मग तिने त्यांचं मनगट धरलं आणि हात उलटा केला.

अंगठ्याच्या खाली, मांसल भागात, लोखंडाचा एक कुरळा तुकडा रुतलेला होता. त्याचं टोक तेवढं बाहेर दिसत होतं. रक्त मनगटावरून बाहीपर्यंत आलं होतं.

"अहो, हे केव्हा?"

त्यांनी हात उजेडाकडे धरला.

"टोचलं नाही तुम्हाला?"

उपेंद्रराव आठवू लागले. मघाशी गवत ओलं होतं. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गार होतं का?

"नाही," ते म्हणाले.

सरोजिनीने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. तुकडा उपसून काढला आणि जखमेवर पंचा दाबून धरला.

"दुसरा दाखवा," मग ती म्हणाली.