मधली नळी

कोमट पाण्याच्या टाकीत तीन नळ्या उभ्या होत्या आणि आत्या त्यांच्यावर डोळे लावून बसली होती. आत्या होऊन तिला पुरता आठवडाही झाला नव्हता. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत ठेवलेलं बाळ तिच्या दादाचं, आणि मधल्या नळीतला जंतू त्या बाळाच्या रक्ताच्या बाटलीत उगवलेला.

बाळाला ताप आला तेव्हा रक्त घ्यायला प्रयोगशाळेतून तीच गेली होती. घरचं माणूस आहे, हलक्या हाताने घेईल, असं बाळाच्या आईचं म्हणणं पडलं. पुढे ताप उतरला, पण जंतू उगवतात का ते पाहायला रक्त ज्या बाटलीत ठेवलं होतं ती गढूळ झाली आणि बाळाला सुईवाटे औषध सुरू झालं. काचपट्टीवर रंग देऊन पाहिलं तर जांभळे गोल दाणे, घोसच्या घोस. त्यांच्यावर औषधाचा थेंब टाकला तसे बुडबुडे उठले. एवढ्यावरून घराणं कळलं, पण या घराण्यातले भाऊ एका माळेचे मणी नव्हेत. थोरला सोनेरी, रक्तात शिरला तर जिवावर उठणारा. धाकटा पांढरा, गरीब स्वभावाचा, तुमच्याआमच्या कातडीवर सुखाने नांदणारा. दोघांतला कोण हे ओळखायचं तर त्याला प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पिवळसर पाण्यात सोडून वाट पाहायची. सोनेरी असला तर ते पाणी दह्यासारखं धरतं. पांढरा असला तर पातळ ते पातळच राहतं.

पडताळ्यासाठी डाव्या नळीत ओळखीचा सोनेरी घातला होता, उजव्या नळीत ओळखीचा पांढरा. मधलीत कोण, याचीच काय ती पंचाईत होती.

भिंगकाका शेजारी येऊन उभे राहिले. प्रयोगशाळेतले हे सगळ्यांत ज्येष्ठ. चष्म्याच्या जाड काचांवरून पडलेलं नाव त्यांनीही कधीच मान्य करून टाकलं होतं. बाटली गढूळ झाली त्याच दिवशी त्यांनी तिला विचारलं होतं, स्पिरिटने पुसल्यावर सुईच्या जागेला हात लावलास का म्हणून. पुसलेल्या जागेला बोट लागलं की बोटावरचा पांढराच सुईवाटे बाटलीत जाऊन बसतो. तिने सरळ नाही म्हणून सांगितलं होतं.

खरं तर शीर सापडत नव्हती. एवढीशी शीर, हातमोज्यातून लागेना. तिने हातमोजा काढला आणि पुसलेल्या जागेवर उघडं बोट टेकवून शीर शोधली. काकांनी विचारलं तेव्हा तिला आधी स्वतःची अब्रू आठवली, बाळ नंतर. आता त्याची तिला लाज वाटत होती. आपलीच चूक निघू दे, म्हणून ती सकाळपासून देव पाण्यात घालून बसली होती. नळ्याही पाण्यात आणि देवही पाण्यात.

काकांनी डावी नळी उचलून कलती केली. आतलं काही हललं नाही. डावी धरली होती, म्हणजे प्लाझ्मा चांगला होता. उजवी कलती केली तर ती पाण्यासारखी वाहिली. तिने मधलीला हात घातला.

"हिसका देऊ नकोस," काका म्हणाले. "धरत आलेली असली तर मोडेल. मग आपल्याला हवं तेच दिसेल."

तिने हात मागे घेतला. तुम्हीच बघा, ती म्हणाली. काकांनी नळी झोपलेल्या मुलाला उचलावं तशी उचलली, कलती केली आणि आतलं पाणी काचेवरून सावकाश ओघळलं. तिचा जीव भांड्यात पडणार तोच त्यांनी नळी परत टाकीत ठेवली. काही सोनेरी आळशी असतात, वेळ लावतात, जेवून ये, असं त्यांचं म्हणणं. जेवण कसलं जातंय. ती तिथेच बसून राहिली.

दुपार कलल्यावर काकांनी मधली नळी खिडकीच्या उजेडात धरली, एकदा, मग पुन्हा एकदा.

"पातळ आहे," ते म्हणाले, आणि फोन उचलून त्यांनी डॉक्टरांना कळवलं. पलीकडून उत्तर आलं ते तिलाही ऐकू आलं. औषध बंद, बाळ आईकडे.

"काका, मी बोट लावलं होतं."

काका चष्मा पुसत राहिले. "ते नळीने सांगितलं. मला सांगून काय होणार, वर जाऊन सांग."

ती वर पोचली तेव्हा नर्स बाळाला वहिनीच्या कुशीत ठेवत होती. नर्स गेल्यावर आत्या पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"वहिनी, याच्या रक्तात काहीच नव्हतं. बाटलीत उगवलं ते माझ्या बोटावरचं. पुसलेल्या जागेला मी हात लावला, आणि विचारलं तेव्हा खोटं बोलले."

बाळाच्या हातावर सुई लावली होती तिथे निळंजांभळं झालं होतं. त्यावरून वहिनीने अंगठा फिरवला.

"म्हणजे एवढं सगळं टोचलं ते उगाचच."

"हो. माझ्यामुळे."

बाळाने जांभई दिली. आत्याला वाटलं, आता निघावं. ती दाराकडे वळली.

"तिकडे बेसिन आहे," वहिनी म्हणाली. "साबण लावून नीट हात धू. आणि मग घे याला थोडा वेळ. माझे हात भरून आलेत."

बाळ वहिनीच्या हातात येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.